लाजरी खुडूक बसली

या, असं जवळ सरका. अंगाला अंग लावून बसलं की थंडी कमी वाजते आणि गोष्ट जास्त ऐकू येते. बुवांचा चहा व्हायचाय, पेटीवाल्याला अजून सूर सापडायचाय. तेवढ्यात सांगून होईल. गोष्ट देवाची आहे, पाखराची आहे आणि एका सासूची आहे. तिघांत तापट कोण, ते ऐकल्यावर तुम्हीच ठरवा.

त्या दिवशी सकाळी मी गिरणीचा पट्टा चढवत होते, तेवढ्यात जाळीपलीकडून अंकुशची हाक आली.

"यमुनाक्का, लाजरीनं आज बी दाण्याला तोंड लावलं न्हाई!"

"पाणी?"

"पाणी बी न्हाई. नुसती बसून हाय. डोळं तेवढं फिरवती."

"आजारी पडली की काय रे?"

माझ्या ओट्यावर मशेरी लावत बसलेल्या हौसाबाईंनी तोंडातलं बोट काढलं, बाजूला पचकन थुंकल्या आणि म्हणाल्या, "आजारी कशानं पडंल? अंड्यांवर खुडूक बसलीया ती. जल्म गेला माझा कोंबड्यांत, मला इचारा की!"

आता कोण कोण ते सांगते. आमचं गाव हिवरतळ, माणदेशाच्या माळावरचं. माझी पिठाची गिरणी आणि तिला लागून अंकुशचं आवार, मध्ये फक्त तारेची जाळी. लाजरी म्हणजे त्याची एमू. शहामृगाच्या भावकीतलं पाखरू. उंची माणसाच्या खांद्याला लागेल एवढी, अंगावर पिसं म्हणजे जुन्या घोंगडीच्या दशा लोंबाव्यात तशी. पंख नावाला, उडणं माहीतच नाही. मध्यंतरी आमच्या भागात असा एक काळ आला होता की ज्याच्या त्याच्या आवारात एमू. कुणी एक कंपनीवाले आले, पिल्लं देऊन गेले, अंडी पडली की मशिनीत उबवायला घेऊन जायचे. मग एका वर्षी ते यायचेच बंद झाले. लोकांनी पाखरं कुणाकुणाला देऊन टाकली. अंकुशनं मात्र एक जोडी ठेवून घेतली, कारण ती त्याच्या बायकोनं, कल्पनानं, तळहातावर भिजवलेला मका भरवून वाढवलेली. नावंही तिनंच ठेवलेली.

एकाचं नाव पाटील. छाती काढून आवारभर फिरायचं आणि गळ्याच्या आतून असं घुमायचं की वाटावं, पखवाजाच्या डाव्या अंगाला ताजी कणीक लावून कुणी थाप मारतंय. आमचा पखवाजी कणकेला माझ्याकडंच यायचा. तो म्हणायचा, "अक्का, ह्या पाटलाला टाळकऱ्यांत उभा करा. माझ्यापरीस घुमारा बरा हाय." दुसरी ही लाजरी. माणूस दिसलं की कडवळाच्या वैरणीत शिरायची आणि तित्तर जसं ढेकळांत ढेकूळ होऊन बसतं, तशी मान जमिनीला लावून बसायची. एवढं मोठं धूड, लपणार कुठं? पण ती आपली लपायची. आवाज म्हणाल तर घशातल्या घशात घुर्र.

कल्पना, पोर अजून अंगावर पीत असतानाच, काविळीनं गेली. पोरीचं नाव मुक्ता. अंकुशला आई नाही, बहीण नाही. दिवसकार्याला भावकी बसली तेव्हा त्यानं हात जोडून सांगितलं होतं, "वर्षश्राद्धापर्यंत पोर माझ्याजवळ राहू द्या. मग मामी म्हणतील तसं." मामी म्हणजे कल्पनाची आई, ह्याच हौसाबाई. वर्षश्राद्ध झालं आणि त्या नातीला न्यायला आल्या. लेक नाही त्या घरात एकट्या जावयाजवळ राहणं बरं दिसत नाही, म्हणून माझ्याकडं उतरल्या. नेमका त्याच वेळी गावात सप्ताह बसला. देवळात सप्ताहाचा वीणा उभा असताना लेकरू गावाबाहेर हलवू नये, हे त्यांनी स्वतःच ठरवलं. काल्याचं कीर्तन ऐकायचं, प्रसाद घ्यायचा आणि मुक्ताला घेऊन निघायचं. अंकुशला मिळाली ती तेवढीच मुदत.

तर लाजरी खुडूक बसली. आवाराच्या कोपऱ्यात कडब्याच्या चिपाडांवर, पोटाखाली अंडी घेऊन. ती अंडी बघण्यासारखी असतात हो, करवंदीच्या पानासारखी गर्द हिरवी. घालताना कुणी बघितलं नव्हतं. दिवस मावळायच्या सुमाराला आवारात एखादं पडलेलं दिसायचं, एवढंच. कंपनीच्या काळात ते लगेच मशिनीत जायचं. पाखराला स्वतः उबवायला मिळालं ते ह्याच वर्षी पहिल्यांदा. आता अंड्यावर जी बसली ती आई, ह्यात कुणाला शंका यावी?

हौसाबाईंना तर हातात कोलीतच मिळालं. त्यांनी माझा पाट उचलला आणि जाळीला लागून ठाण मांडलं. दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या बोलावून दाखवायच्या.

"बघा गं, बघा. ही आई! खाईना, पिईना, कूस बदलंना. आन त्यो बघा बाप! ढोल बडवत फिरतोय. अंड्याकडं वळून तरी बघतोय का? बापाची जात सगळीकडं सारखीच."

हे सगळं अंकुशला ऐकू जाईल अशा बेतानं. तो आत मुक्ताला न्हाऊ घालत असायचा, नाहीतर तिचं नाक पुसत असायचा, नाहीतर तिच्या मागं वाटी घेऊन पळत असायचा. पण ते बघायला हौसाबाईंना सवड नव्हती. त्या पाखरू बघत होत्या.

पाटील मधूनच अंड्यांजवळ यायचा. आणि लाजरी, जी एरवी कोंबडी बघूनही लपायची, ती अशी ताडकन उठायची, अशी लाथ झाडायची, की पाटील थेट कुंपणाला जाऊन चिकटायचा.

"हाण! आणिक एक हाण!" हौसाबाई दोन्ही हातांनी जाळी हलवायच्या. "घरात काडीचा उपेग न्हाई, आन आलाय मालकी सांगायला!"

"हौसाबाई, तुमचं मालक बी असंच हुतं का वो?" एकीनं विचारलं.

"माझं मालक बरं हुतं," हौसाबाई म्हणाल्या. "बोलत नव्हतं."

गिरणीत पिठापेक्षा हसणंच जास्त उडालं त्या आठवड्यात. पण एक होतं. मुक्ता काही त्यांच्याकडं जाईना. त्यांनी घरून डिंकाचे लाडू आणले होते. "ये गं माझी बाय, ये गं माझी साळुंकी," म्हणून लाडू पुढं करायच्या. मुक्ता येऊन लाडू घ्यायची आणि धूम ठोकून बापाच्या पायांना मिठी मारायची.

"लाडू माझा आन मिठी त्याला! गावाला नेते, मग बघते मी," हौसाबाई म्हणायच्या. हसून म्हणायच्या, पण मग बराच वेळ डब्याचं झाकण उघडझाप करत बसायच्या.

सप्ताहाला केशव महाराज होते. त्यांच्या कीर्तनासाठी मी तीन गावं चालत गेलेली बाई आहे, म्हणून माझं बोलणं जरा त्यांच्या बाजूचं समजा. पण महाराज खोकले तरी तालात खोकायचे. काल्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या जेवणाचा मान माझ्याकडं होता. शेंगोळ्या केल्या होत्या, वर तुपाची धार. हौसाबाई वाढत होत्या आणि वाढता वाढता त्यांनी लाजरीचं सगळं चरित्र सांगून टाकलं. महाराजांनी हात धुतले ते तसेच जाळीपाशी आले.

लाजरी बसली होती. पाठीची हाडं वर आलेली, पिसांवर धूळ. महाराजांकडं तिनं एक डोळा फिरवला, मान जराशी खाली घेतली, पण जागची हलली नाही. पलीकडं पाटील येरझारा घालत घुमत होता.

महाराजांनी उपरण्यानं डोळे टिपले. "काय ही माया! लाजाळू जीव, पळून जायचा धर्म ज्याचा, तो आईपणापायी जागेला खिळून राहिलाय. उद्याच्या काल्याला मी दृष्टान्त शोधत होतो, पांडुरंगानं आवारात आणून ठेवला."

अंकुश मुक्ताला कडेवर घेऊन मागं उभा होता. त्यानं विचारलं, "महाराज, एक इचारू? बापाला असं बसता येत न्हाई का?"

"बाळा, बाप कष्ट करतो," महाराज मायेनं म्हणाले. "त्याचं प्रेम घामात असतं. ऊब मात्र आईचीच."

अंकुशनं मान हलवली. मुक्ताला ह्या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि आत गेला.

तिन्हीसांजेला तो पीठ न्यायला आला. पिठाचा डबा तसाच हातात धरून उभा राहिला.

"अक्का, मुक्ताची कापडं धुवून वाळत घातलीत. उद्या द्यायला बरी."

"तुला द्यायची हाय का पोर?"

"शब्द दिलाय."

"शब्दाचं न्हाई इचारलं. तुला द्यायची हाय का?"

"मी कोण न देणारा?" तो म्हणाला. "त्या पाखराला जे कळतं ते मला कळंल असं कुठं हाय? पोर रडायला लागली की मी घाबरतो अक्का. काय करावं सुधरत न्हाई. आई असती तर घाबरली नसती."

"तुला कुणी सांगितलं? आया बी घाबरत्यात. दार लावून घाबरत्यात, म्हणून दिसत न्हाई."

तो थोडा हसला. पण पीठ घेऊन गेला तो खांदे पाडूनच.

काल्याच्या दिवशी माझी गिरणी बंद. गावाला ते माहीत असतं, पीठ आदल्या दिवशीच दळून नेतात. बायकांच्या पहिल्या ओळीत मी, शेजारी नव्या लुगड्यातल्या हौसाबाई, आणि त्यांच्या शेजारी डॉक्टरबाई. डॉक्टरबाई जनावरांच्या. नुकत्याच तालुक्याला बदलून आल्या होत्या. सकाळी गावात शेळ्यांना लस टोचायला आल्या, आणि सरपंचांनी आग्रह करून मंडपात बसवून घेतलं. अंकुश आला नव्हता. तो घरी पोरीची बांधाबांध करत होता.

महाराज उभे राहिले. काय रंग भरला होता, काय सांगू! टाळ असे पडत होते की मंडपाचे बांबू डोलावेत. गोकुळातल्या खोड्या झाल्या, यशोदेची फजिती झाली, लोक पोट धरून हसले, आणि मग महाराजांनी आवाज खाली घेतला.

"मंडळी, काल तुमच्या गावात मी एक पाखरू बघितलं. उडता येत नाही. गाता येत नाही. माणूस दिसलं की तोंड लपवतं. मग देवानं त्याला दिलं काय? अहो, अंड्यावर बसलंय ते हाडं वर आली तरी उठत नाही! दाणा समोर, तोंड लावत नाही. ही कोण? ही आई! आणि बाप कुठं होता? बाप शेजारी पखवाज वाजवत होता!"

मंडप हसला. आमच्या पखवाज्यानं मान खाली घातली. त्याला घरी दोन लेकरं होती. हौसाबाईंनी माझ्या मांडीवर थाप मारली आणि मागं वळून सगळ्या बायांकडं बघून घेतलं.

"मी म्हणतो म्हणून ऐकू नका," महाराज रंगात आले होते. "इथं डॉक्टरबाई बसल्यात. शिकलेलं माणूस. काय डॉक्टरबाई, खोटं बोलतोय का मी?"

आता तुम्हाला तर ठाऊकच आहे, कीर्तनात बुवांनी असं विचारलं की हसून मान डोलवायची असते. कुणी उत्तर द्यायचं नसतं. पण डॉक्टरबाई शहरातल्या. त्यांना हा रिवाज कोण सांगणार? त्या सरळ उठून उभ्या राहिल्या.

"महाराज, बाकी सगळं बरोबर आहे. फक्त..."

टाळ थांबले. महाराज म्हणाले, "बोला, बोला. देवाच्या दारात भ्यायचं नाही."

"एमूमध्ये अंड्यांवर नर बसतो."

पखवाज्यानं मान वर केली.

"म्हणजे?" महाराजांनी विचारलं.

"म्हणजे मादी अंडी घालते आणि फिरायला मोकळी होते. उबवायचं, पिल्लं वाढवायची, राखायची, ते सगळं बाप करतो. सकाळी शेळ्या टोचायला गेले तेव्हा त्या आवारात बघून आले मी. जे घुमत फिरतंय ना, ती मादी आहे. नराला तसं घुमता येत नाही. तो नुसता घुरघुरतो."

आणि देवाची करणी बघा. त्याच वेळी गल्लीच्या टोकावरून आवाज आला. ढुम. ढुम. ढुम.

"ऐका," डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाईसाहेब बोलतायत."

सगळ्यात आधी हसला तो आमचा पखवाजी. त्यानं पखवाजावर अशी एक थाप हाणली की पुढचे टाळकरी दचकले, आणि मग मंडप जो फुटला! म्हातारे खांबाला धरून हसत होते. बाया एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. डॉक्टरबाईंना कळेना, आपलं काय चुकलं. त्या हळूच खाली बसल्या.

महाराजांनी लोकांना हसू दिलं. मग दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले.

"मंडळी, मी पाखरू बघितलं, पण निम्मंच बघितलं. आता मला सांगा. आपण त्या विटेवरच्याला हाक कशी मारतो? दिसायला बाप्या. कमरेवर हात. आणि आपण म्हणतो काय? आई! आळंदीच्या राजाला काय म्हणतो? माउली! अरे, पिढ्यान्‌पिढ्या पुरुषाला आई म्हणत आलो आपण, गळा काढून म्हणत आलो. आणि आज एक पाखरू खरंच तसं वागलं, तर मी त्याला लुगडं नेसवून वर्णन केलं! देवाला जे शोभतं ते पाखराला शोभतं, मग ते..."

इथं महाराज थांबले. पुढचं बोलले नाहीत. पण अख्ख्या मंडपाला कळलं, आणि अख्खा मंडप वळून हौसाबाईंकडं बघायला लागला.

हौसाबाई उठल्या. पदर खोचला आणि बायकांतून वाट काढत तरातरा चालू लागल्या. हंडी अजून फुटायची होती. काल्याच्या कीर्तनातून, हंडी फुटायच्या आधी, मी आयुष्यात कधी उठले नव्हते. त्या दिवशी उठले.

"हौसाबाई, अवं काला तरी..."

"मरू दे काला!" त्या म्हणाल्या, आणि लगेच दोन्ही गालांवर मारून घेतलं. "पांडुरंगा, चुकलं. यमुना, म्हंजे इतकं दिस मी बाईलाच शिव्या घातल्या व्हय? आन त्या बाप्याला माय म्हणून बसले?"

"आम्ही सगळ्यांनीच म्हटलं की."

"सगळ्यांचं सोड. जाळी मी हलवली."

मला हसू आवरेना. त्यांना आवरलं. गल्लीच्या वळणावर त्या थांबल्या आणि चेहरा कोरडा करून म्हणाल्या, "पाखरू पाखराच्या जागी आन देव देवाच्या जागी. पोर माझ्या लेकीची हाय, ती मी नेणार. घरात शिरलं की भिंती खायला उठत्यात मला. तुला न्हाई कळायचं."

मी त्यांच्या मागं चालत राहिले.

अंकुश दारात उभा होता. मुक्ताच्या डोक्याला तेल चोपडलेलं, कपाळाला काळी तीट, अंगात नवं झबलं. पायाशी गठुळं. त्यानं वाकून हौसाबाईंचे पाय धरले. गठुळं उचलून त्यांच्या हातात द्यायला गेला आणि दिलं नाही.

"मामी, दूध पीत न्हाई ती. ताक पिती, पर कोमट लागतं. गार दिलं की शिंका येत्यात."

"बरं."

"भाकरीचा पापुद्राच द्या. खालची जाड बाजू ती कोंबडीला टाकती. आन कोंबडी आली न्हाई तर रडती. तवा जेवायला बसवायच्या आधी कोंबडी बोलवून ठेवायची."

"बरं."

"निजताना पाठ थोपटायची न्हाई, दचकती. तळपायावर अंगठा फिरवायचा, हळू. झोप लागली वाटलं तरी थांबायचं न्हाई. डोळं मिटून बघत आसती, बाप हाय का गेला."

गठुळ्यासाठी पुढं केलेला हात हौसाबाईंनी मागं घेतला.

"आन गाणं म्हणाय लागतं. शब्द कुठलं बी चालत्यात, चाल एकच पायजे. कल्पना गुणगुणायची ती. बदलली की उठून बसती. तुम्हाला येत आसंल की. तुमच्याकडनंच आली आसंल तिला."

"कंची चाल?"

अंकुशनं गुणगुणून दाखवली. आवाज फाटका, सूर कुठल्या कुठं. पण मुक्तानं तेवढ्यात तोंडात अंगठा घातला आणि मान त्याच्या खांद्यावर टाकली.

हौसाबाई उंबऱ्यावर बसल्या.

"ही मी जात्यावर म्हणायची," त्या म्हणाल्या. "कल्पी मांडीवर निजलेली असायची. गिरणी आली, जातं गेलं. माझी मीच इसरले हुते ही."

अंकुश कावराबावरा झाला. त्याला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. म्हणून तो आणखी भराभरा सांगायला लागला.

"आन मामी, ताप आला तर..."

"बास कर."

"एवढंच सांगतो. ताप आला तर ती गप बसती, रडत न्हाई, म्हणून कळत न्हाई. तवा सारखा हात..."

"बास कर म्हणते न्हवं!" हौसाबाई ओरडल्या. डोळ्यांतून पाणी, आणि आवाज मात्र भांडणाचा. "एवढं कोण ध्यानात ठेवणार? म्हाताऱ्या माणसाला सांगायच्या गोष्टी हायत व्हय ह्या? कोंबडी आधी बोलवायची म्हणं! ज्याला ठावं हाय त्यानंच बघावं. ठेव, तूच ठेव तिला."

जावयाला त्या आजवर अहो-जाहो करत आल्या होत्या. 'तू' म्हणाल्या त्या दिवशी पहिल्यांदा.

अंकुश गठुळं धरून तसाच उभा. "म्हंजे, न्यायची न्हाई?"

"बहिरा हाईस का रे?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग गठुळ्याकडं बघितलं. मग मुक्ताला खाली सोडलं आणि तोंड फिरवून भिंतीला हात लावून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मुक्तानं गठुळ्याची गाठ सोडली आणि एकेक झबलं काढून अंगणात पसरायला सुरुवात केली. तिच्याकडून निकाल लागला होता.

जरा वेळानं अंकुश नाक ओढत म्हणाला, "मामी, तुम्ही बी ऱ्हावा की. दोन म्हैन्यांत अंडी फुटतील. पिल्लांचं मला काय कळतंय? कंपनीवाले मशिनीत काढायचे."

"जावयाच्या दारात राहू? लोक तोंडात शेण घालतील."

"अक्कांकडं ऱ्हावा. ह्या जाळीला मी दार बसवतो."

हौसाबाईंनी जाळीकडं बघितलं. पलीकडं लाजरी बसली होती. तिला, म्हणजे त्याला, बघून त्यांनी हात जोडले की डोकं खाजवलं, मला नीट दिसलं नाही.

"अंडी फुटंस्तोवर," त्या म्हणाल्या. "एक दिस जास्ती न्हाई."

आम्ही मंडपात परत गेलो तेव्हा हंडी फुटून गेली होती. लोक द्रोण चाटत होते. महाराजांनी आम्हाला लांबून बघितलं. कुणालाही हाक न मारता स्वतः उठले, परातीच्या तळाची लाह्या-दह्याची शेवटची मूठ घेतली आणि हौसाबाईंच्या तळहातावर ठेवली.

"माय, माझी चूक पदरात घ्या."

"तुमची कसली वो चूक महाराज? तुम्ही माझंच ऐकून बोलला," हौसाबाई म्हणाल्या. "पर म्होरल्या येळी पाखराचं सांगायचं झालं तर आधी डॉक्टरबाईंना इचारत जावा."

महाराज इतके हसले की त्यांना खोकला लागला. तालात.

पुढं अंडी फुटली. आतून पट्ट्यापट्ट्यांची, खारीसारखी पिल्लं निघाली आणि आवारात रोज एक दिंडी निघायला लागली. पुढं लाजरी, मागं पिल्लांची रांग. पाटील जवळ आला की लाजरी त्याला, तिला, पिटाळायची आणि हौसाबाई म्हणायच्या, "जाऊ दे रे, बघू दे की तिला. तिची बी हायत." नावं काही कुणी बदलली नाहीत. "ओ देतंय न्हवं? मग ऱ्हाऊ दे," हा हौसाबाईंचा हुकूम.

अंडी फुटली तरी त्या गेल्या नाहीत. मग म्हणाल्या, पिल्लांना पिसं येऊ देत. मग म्हणाल्या, मुक्ता शाळेला जाऊ दे. मुक्ता शाळेला गेली, तर म्हणाल्या, आता तिला पोचवायला कोण जाणार? आपल्या गावचं घर भाच्याला देऊन त्या माझ्याच ओट्यावर मशेरी लावत राहिल्या. नातीनं त्यांना मिठी कधी मारली, ते मला सांगता येणार नाही, एक दिवस बघितलं तर ती त्यांच्या पाठीवर चढून बसलेली होती आणि त्या ओरडत होत्या, "अगं, माझी पाठ हाय का आंब्याचं झाड?"

मुक्ता आता माझ्या डोक्याच्या वर गेलीय. हौसाबाई मागच्या वर्षी गेल्या, भरल्या घरातून, आपल्या माणसांत.

तर माझं एवढंच मागणं आहे. कुठं एखादा बाप लेकीच्या वेणीशी झटताना दिसला, पेड सुटतायत, पोर कुरकुरतेय, आणि "हिची आई कुठं गेली?" असं तुमच्या ओठावर आलं, तर ते तसंच गिळा आणि त्या जागी हौसाबाईंचं नाव घ्या. जरा मोठ्यानं घ्या. शेवटी शेवटी त्यांना कमी ऐकू यायचं.